घरी ६ आठवडे शिरेतून औषध: जोडीदाराची साथ कशी करावी

माझ्या बायकोच्या कमरेच्या दोन मणक्यांमध्ये जंतुसंसर्ग झाला होता. तो सापडायलाच दीड महिना गेला, कारण पाठदुखी म्हटलं की आधी सगळ्यांना स्नायू आठवतात. रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, ६ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, दर ८ तासांनी. मी मनात हिशेब केला: ४२ दिवस, १२६ डोस. पहिले १२ दिवस रुग्णालयात गेले. उरलेले ९० डोस घरी, आणि ते माझ्या हातून.

त्या काळात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. ज्याचा जोडीदार असा उपचार घेणार आहे आणि घरी सगळं आपल्यालाच बघायचं आहे, त्याच्यासाठी हे आहे. इथलं काही तुमच्या रुग्णालयाने शिकवलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं वाटलं तर रुग्णालयाचं ऐका. लाईनचे (म्हणजे औषधासाठी शिरेत बसवलेल्या नळीचे) प्रकार, औषधं आणि पेशंट वेगळे असतात, त्यामुळे पद्धतही बदलते.

डिस्चार्जच्या आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. म्हणून प्रश्नांचा कागद दोन दिवस आधीच तयार ठेवा आणि राउंडच्या वेळी हातात धरून उभे राहा.

पहिला प्रश्न जंतूचा. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, काय आलं, आणि त्यावर कोणतं औषध लागू पडतं? त्या रिपोर्टची प्रत आपल्याकडे हवीच. उद्या मध्यरात्री दुसऱ्याच रुग्णालयात जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तोच कागद लागेल.

दुसरा प्रश्न, इतके दिवस का? हे जोडीदाराच्या समोर विचारा, म्हणजे दोघांनाही एकच उत्तर कळेल. जंतुसंसर्ग झालेल्या हाडात रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे औषध तिथे पुरेशा प्रमाणात पोचायला वेळ लागतो. हृदयाच्या झडपेवर जंतूंच्या गाठी तयार होतात आणि आतल्या जंतूंपर्यंत शरीराच्या पेशी पोचत नाहीत. कृत्रिम सांध्यावर जंतू चिकट थर करून राहतात. म्हणून मणक्यासाठी साधारण ६ आठवडे आणि झडपेसाठी बहुतेक वेळा ४ ते ६ आठवडे सांगतात.

तिसरा, शेवटची तारीख कोणती आणि ती कुठल्या दिवसापासून मोजली आहे? रक्तात जंतू सापडले असतील तर पुष्कळदा पहिला डोस दिला त्या दिवसापासून न मोजता, रक्ताचं कल्चर पहिल्यांदा स्वच्छ आलं त्या दिवसापासून मोजतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. बायकोने स्वतःच्या हिशेबाने कॅलेंडरवर एक तारीख गोल केली होती, आणि ती ४ दिवसांनी पुढे गेली तेव्हा ती रडली. ४ दिवस म्हटले तर काहीच नाहीत, पण जो माणूस एकेक दिवस खोडतो आहे त्याला ते फार असतात.

चौथा प्रश्न विचारायला लोक कचरतात: हेच काम गोळ्यांनी होईल का? जरूर विचारा. ब्रिटनमध्ये हाडं-सांध्यांच्या जंतुसंसर्गावर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हजाराहून अधिक रुग्ण होते, आणि पहिले ६ आठवडे नीट निवडलेल्या गोळ्या घेणाऱ्यांचा वर्षभरानंतरचा निकाल शिरेतून औषध घेणाऱ्यांपेक्षा वाईट नव्हता. झडपेच्या जंतुसंसर्गातही, प्रकृती स्थिरावल्यावर गोळ्यांवर जाता येतं असं डेन्मार्कच्या ४०० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. प्रत्येकाला हे लागू होत नाही. जंतू कोणता, औषध कोणतं, पोटातून ते नीट शोषलं जातं का, यावर ते ठरतं. आमच्या बाबतीत उत्तर 'आत्ता नाही' असं आलं आणि त्याचं कारणही मिळालं. कारण कळल्यावर पुढचे दिवस काढणं सोपं गेलं.

शेवटचा प्रश्न: रात्री २ वाजता कोणाला फोन करायचा? नुसता रुग्णालयाचा सामान्य नंबर पुरत नाही. फोन कोण उचलेल आणि त्याला काय सांगायचं, हे लिहून घ्या.

आणि घरी निघण्याआधी किमान दोन डोस सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने द्या. नुसतं बघून कळल्यासारखं वाटतं, पण हातात सिरींज आली की क्रम विसरतो. त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. घरच्या पहिल्या तीन डोसांना मी तो शेजारी लावून बसलो होतो. नव्या औषधाचा पहिला डोस मात्र रुग्णालयातच व्हावा, कारण तीव्र ॲलर्जी आली तर ती बहुधा तेव्हाच दिसते.

हातातली लाईन ओळखा

मनगटावरची साधी सुई काही दिवसच टिकते. मिडलाईन दंडातून बगलेपर्यंत जाते आणि काही आठवडे चालते. लांबच्या उपचारासाठी बहुधा पिक लाईन घालतात. दंडातल्या शिरेतून सरकवलेली ही बारीक नळी थेट हृदयाच्या वरच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेली असते. तिचं एक टोक हृदयाजवळ आणि दुसरं तुमच्या बोटांत, एवढं ध्यानात ठेवलं तर स्वच्छतेबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

घरी आल्याच्या दिवशी दोन मापं लिहून ठेवा. त्वचेबाहेर नळी किती सेंटिमीटर आहे, आणि कोपराच्या घडीपासून १० सेंटिमीटर वर दंडाचा घेर किती आहे. पुढे शंका आली तर ताडून बघायला हीच मापं लागतात.

त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही. दवाखान्यातला कर्मचारी सवयीने पट्टा गुंडाळायला येतो. पेशंट थकलेला असतो, त्यामुळे 'तो हात नको' हे तुम्हीच म्हणायचं. त्या हाताने जड वजन उचलायचं नाही. अंघोळीला हात प्लास्टिकच्या आवरणात घ्यायचा. टबात किंवा तलावात बुडवायचा नाही. हात अजिबात हलवायचा नाही, असा समज मात्र चुकीचा आहे. रोजची हलकी हालचाल हवी, नाहीतर शिरेत गुठळी होण्याची शक्यता वाढते.

घरात एक जागा ठरवा

एक टेबल, पुसता येईल असा पृष्ठभाग, वर चांगला उजेड. त्या टेबलावर दुसरं काहीही ठेवायचं नाही. सामानाची खोकी मिळाली की घराच्या निम्म्या कोपऱ्यांत सिरींजा दिसायला लागतात. तसं होऊ देऊ नका. झोपायच्या खोलीत तर औषधाचं काही ठेवूच नका, त्याचं कारण पुढे येईल.

फ्रीजमध्ये औषधासाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवा. तो दाराच्या कप्प्यात नको, तिथे तापमान सारखं खालीवर होतं. सुयांसाठी जाड प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा हवा. तो तीन चतुर्थांश भरला की बंद करून रुग्णालयाने सांगितलेल्या ठिकाणी द्यायचा. पुढच्या सामानाची मागणी शेवटचे ३ दिवस उरले असताना करायची. आदल्या दिवसावर ढकलायची नाही.

एक डोस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

१. फ्रीजमधलं औषध सांगितलेल्या वेळेआधी बाहेर काढा. बहुतेक वेळा अर्धा ते एक तास लागतो. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये ते कधीही ठेवू नका. थंडगार औषधाने हात दुखतो, आणि दाबाच्या फुग्यातून (स्वतःच्या दाबाने औषध ढकलणाऱ्या रबरी फुग्यातून) औषध जात असेल तर वेगही मंदावतो.

२. पिशवीवर पेशंटचं नाव, औषधाचं नाव, मात्रा आणि मुदत वाचा. मनात नको, मोठ्याने वाचा आणि जोडीदाराला ऐकू द्या. द्रव गढूळ असेल किंवा आत कण दिसत असतील तर वापरू नका.

३. खिडकी बंद करा, पंखा बंद करा, पाळीव प्राणी बाहेर काढा. टेबल पुसा. साबणाने किमान २० सेकंद हात धुवा आणि स्वच्छ कापडाने कोरडे करा.

४. लाईनची जागा बघा. लाली, सूज, ओल, सुटलेलं ड्रेसिंग यांपैकी काही दिसलं तर आधी फोन, मग डोस.

५. सिरींजमधली आणि नळीमधली हवा काढा.

६. लाईनच्या टोपीवर स्पिरिटचा स्वॅब घट्ट दाबून १५ सेकंद घासा, आणि आपोआप वाळू द्या. फुंकर मारायची नाही. वाळताना बोट लागलं तर नवा स्वॅब घेऊन पुन्हा. माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत हीच सगळ्यात महत्त्वाची, आणि तिसऱ्या आठवड्यात आळस होतो तोही इथेच.

७. सलाईनने लाईन धुवा. सिरींज १० मिलिलीटरचीच हवी, कारण लहान सिरींजने दाब जास्त पडतो आणि नळी फुटू शकते. थोडं ढकला, थांबा, पुन्हा ढकला. या झटक्यांनी नळीची आतली बाजू नीट धुतली जाते. अडलं तर जोर लावू नका. क्लॅम्प (नळी बंद करणारी चिमटी) उघडा आहे का, नळी दुमडली आहे का, हे बघा. हात थोडा वर करून बघा. तरीही जात नसेल तर थांबा आणि फोन करा.

८. टोपी पुन्हा घासा, औषध जोडा, क्लॅम्प उघडा, ठरलेल्या वेगाने चालू करा. दुसऱ्या दिवशी मी क्लॅम्प उघडायलाच विसरलो होतो आणि पाऊण तासाने पिशवी तशीच भरलेली होती. तेव्हापासून चालू केल्यावर ५ मिनिटांनी एकदा बघायचं असा नियम केला.

९. संपल्यावर क्लॅम्प बंद, टोपी घासणे, पुन्हा सलाईन. हेपारिन (नळीत रक्त गोठू न देणारं औषध) सांगितलं असेल तरच द्या, काही लाईनना ते लागत नाही. शेवटी क्लॅम्प ज्या क्रमाने लावायला शिकवला असेल त्याच क्रमाने लावा.

१०. वेळ वहीत लिहा, टेबल आवरा, हात धुवा.

ड्रेसिंग पारदर्शक असेल तर दर ७ दिवसांनी आणि गॉजचं असेल तर दर २ दिवसांनी बदलतात. ओलं झालं किंवा सुटलं तर तेवढं थांबायचं नसतं. ते शक्यतो सिस्टरकडूनच करून घ्यावं. डोस देणं शिकता येतं, पण ड्रेसिंग काढताना नळी बाहेर सरकण्याचा धोका असतो, आणि तो मी घेतला नाही.

वही आणि रक्ताचे रिपोर्ट

एक साधी रेघांची वही पुरते. तारीख, डोसच्या वेळा, ताप, वजन, शौच किती वेळा, दुखणं १० पैकी किती, आणि 'इतर' असा एक मोठा रकाना. या शेवटच्या रकान्यात बारीकसारीक गोष्टी येतात: 'कानात गुणगुण वाटली', 'दुपारी बोलताना अडखळली', 'आज जिना एका दमात चढली'. डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडला तो हाच रकाना.

दर आठवड्याला रक्ततपासणी होते. पेशी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, आणि शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी व ईएसआर. उपचार लागू पडला की सीआरपी लवकर उतरतो. ईएसआर मागून, रेंगाळत येतो, त्यामुळे तो उतरला नाही म्हणून घाबरू नका. मणक्याचा एमआरआयसुद्धा सुधारणेच्या मागे राहतो. माणूस चालायला लागलेला असतो आणि चित्रात अजून बिघाड दिसत असतो.

औषधानुसार लक्ष ठेवण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. व्हॅन्कोमायसिन वेगाने गेलं तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते. म्हणून ते सावकाश देतात आणि रक्तातली त्याची पातळी मोजतात. त्या तपासणीसाठी आधीचा डोस नेमका किती वाजता दिला हे हवंच असतं, आणि ज्या लाईनमधून औषध जातं तिच्यातून रक्त घेतलं तर आकडा फसवा येऊ शकतो. जेंटामायसिनने मूत्रपिंड, कान आणि तोल यांवर परिणाम होऊ शकतो. चालताना झोकांड्या जायला लागल्या तर लगेच कळवा. डॅप्टोमायसिन चालू असताना स्नायू दुखायला लागले तर सांगा. त्यासाठी आठवड्याला सीपीके ही स्नायूंना इजा दाखवणारी रक्ततपासणी बघतात. एर्टापेनेम आणि सेफेपिम यांनी, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर, माणूस गोंधळल्यासारखा वागू शकतो. नवख्या डॉक्टरला तो 'जरा थकलेला' वाटेल. आपलं माणूस असं वागत नाही, हे तुम्ही ओळखाल. तेव्हा आग्रहाने सांगा. सोबत रिफॅम्पिसिनच्या गोळ्या असतील तर लघवी आणि अश्रू नारिंगी होतात, त्याने घाबरू नका. पण त्या गोळ्यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे जोडप्यांना कोणी आपणहून सांगतंच असं नाही.

कधी थांबायचं, कधी धावायचं

हे कागदावर लिहून टेबलावर चिकटवा.

लाईन धुतल्यावर किंवा डोस सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून ताप आला, तर लाईनमध्येच जंतू शिरले असण्याची शंका घ्यायची. औषध थांबवा, लाईन वापरू नका, त्याच वेळी फोन करा. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका.

श्वास अडकणं, ओठ किंवा जीभ सुजणं, अंगभर गांध्या येऊन चक्कर येणं, ही तीव्र ॲलर्जी. औषध बंद करून लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.

लाईन उघडी राहिल्यावर किंवा तुटल्यावर एकदम धाप लागली, छातीत दुखलं, तर हवा आत गेलेली असू शकते. तुटलेली जागा आणि त्वचा यांच्यामध्ये नळी दुमडून घट्ट धरा किंवा क्लॅम्प लावा. माणसाला डाव्या कुशीवर, डोकं खाली करून झोपवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. हे कदाचित कधीच करावं लागणार नाही, पण हातांना ते माहीत असावं. आम्ही एका संध्याकाळी दोघांनी मिळून त्याचा सराव केला.

नळी थोडी बाहेर आली तर आत ढकलू नका. तिथेच चिकटपट्टीने स्थिर करा, वापरू नका, फोन करा. पूर्ण बाहेर आली तर स्वच्छ गॉजने किमान ५ मिनिटं दाबून धरा.

दंड सुजला, घेर आधीच्या मापापेक्षा साधारण ३ सेंटिमीटरने वाढला, हात जड झाला किंवा मान दुखायला लागली, तर गुठळीची तपासणी त्याच दिवशी.

चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब झाले तर स्वतःच्या मनाने जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. अँटिबायोटिकमुळे आतड्यात एक विशिष्ट जंतू माजू शकतो आणि त्याचे बीजाणू अल्कोहोलच्या जेलने मरत नाहीत. तेव्हा साबण आणि पाणीच वापरा, आणि डॉक्टरांना सांगा.

एवढं सगळं वाचून मनात धास्ती बसते, हे मला माहीत आहे. आमच्या घरच्या डोसांत दोन फोन करावे लागले, आणि दोन्ही वेळा काळजीचं काही नव्हतं. दोन्ही वेळा फोनवरच्या सिस्टर म्हणाल्या, विचारलंत ते बरं केलंत.

मधल्या आठवड्याचा सापळा

पंधराव्या-विसाव्या दिवशी ताप नसतो, दुखणं निम्मं झालेलं असतं, आणि जोडीदार म्हणतो, "आता बस झालं ना?" हा प्रश्न येणारच, त्यासाठी तयार राहा. पेनिसिलिनच्या पहिल्या रुग्णांपैकी एक होता ऑक्सफर्डचा पोलीस अल्बर्ट अलेक्झांडर. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याला औषध सुरू केलं आणि काही दिवसांत तो स्पष्टपणे सुधारला. पण औषधाचा साठाच संपला. लघवीतून परत मिळवलेलं पेनिसिलिनही पुरलं नाही, जंतुसंसर्ग उलटला आणि १५ मार्च १९४१ रोजी तो गेला. मी बायकोला ही हकिगत सांगितली. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने तो प्रश्न मला विचारला नाही, डॉक्टरांना विचारला. तो तिथेच विचारायला हवा. औषध कमी करायचं, बदलायचं की थांबवायचं, हे तेच ठरवतील.

सिस्टरचं काम आणि नवऱ्याचं काम

घरी येऊन ९ दिवस झाले होते. रात्रीचा डोस संपला, मी लाईन धुऊन वहीत वेळ लिहीत होतो. ती म्हणाली, "तू आज दिवसभरात मला 'ताप किती' हे चार वेळा विचारलंस. 'कशी आहेस' असं एकदाही नाही."

मी वही मिटली. तिचं म्हणणं खरं होतं. मी तिच्याकडे बघत होतो ते दंडापासून बोटांपर्यंत. चेहऱ्याकडे बघायला वेळच नव्हता.

त्या रात्री आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हीही आपल्या परीने ठरवाव्यात, शक्य असेल तर पहिल्याच आठवड्यात.

डोसची वेळ ही डोसची. टेबलापाशी बसलो की मी सिस्टरचं काम करतो. तेव्हा कमी बोलायचं आणि चुकलं तर तिने टोकायचं. टेबल आवरलं की ते काम संपलं. नंतर अर्धा तास औषध, रिपोर्ट, डॉक्टर यांपैकी काही बोलायचं नाही. झोपायच्या खोलीत सामान नको म्हटलं ते यासाठीच. घरात निदान एक खोली अशी हवी की जिथे ती पेशंट नसेल.

जे तिला जमेल ते तिचं. गजर लावणं, मोठ्याने लेबल वाचणं, सामान मोजणं ही कामं तिने घेतली. सुरुवातीला मी सगळं ओढून घेत होतो आणि त्याला प्रेम समजत होतो. आपल्याच शरीराबद्दल आपल्याला काहीच करता येत नाही, याचा माणसाला किती त्रास होतो हे मला उशिरा कळलं. तुमचा जोडीदार स्वतः डोस घ्यायला शिकू शकत असेल तर शिकू द्या, तुम्ही शेजारी बसा.

चिडचिड येणार. औषधांनी तोंडाला चव नसते, झोप तुटते, आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस कारण नसताना भांडतो. तेव्हा समजावू नका. 'सकारात्मक राहा' हे तर म्हणूच नका. "कंटाळा आलाय ना, मलाही आलाय," एवढंच म्हटलं की पुष्कळ वेळा दोघंही शांत होतात. मात्र दोन आठवडे सलग उदासी, रडू येणं, कशातच मन न लागणं दिसलं, तर ते थकव्याच्या नावावर घालू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

जवळीकीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. मणक्याचा, हाडाचा किंवा झडपेचा असा जंतुसंसर्ग एका अंथरुणात झोपल्याने किंवा मिठी मारल्याने सहसा लागत नाही. मुलांनाही जवळ येऊ द्यावं. लाईनच्या हातावर भार नको आणि नळी ओढली जाऊ नये, एवढं पाळलं की बाकीचं दोघांच्या इच्छेवर आणि दुखण्यावर आहे. मनात शंका असेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटून विचारा. माझ्या बायकोला महिनाभर वाटत होतं की मी घाबरून लांब झोपतो. मी झोपत होतो तो नळी ओढली जाईल या भीतीने. हे बोलायला आम्हाला फार दिवस लागले.

तुमची स्वतःची झोप

दर ८ तासांनी डोस म्हणजे सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. तयारी आणि आवराआवर धरून प्रत्येकाला सव्वा तास. म्हणजे रोज पावणेचार तासांचं काम, सुट्टी नाही. दुसऱ्या आठवड्यापर्यंत मी गाडी चालवताना डुलकी घ्यायला लागलो. तेव्हा तिच्या बहिणीला बोलावून तिलाही डोस शिकवला. दुसरा शिकलेला माणूस असणं ही चैन नाही. तुम्हाला ताप आला तर डोस कोण देणार, याचं उत्तर पहिल्या आठवड्यातच हवं.

'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना लगेच एक नेमकं काम सांगा: मंगळवारी मुलांना शाळेतून आणा, गुरुवारी आमच्यासोबत तपासणीला चला. काम ठरवून दिलं की लोक आनंदाने येतात. भेटायला येणाऱ्यांसाठी मात्र वेळ ठरवा. सर्दी-खोकला असलेल्यांना फोनवरच भेटा. नोकरीच्या ठिकाणी शेवटच्या तारखेचा कागद दाखवून आधीच बोला. ६ आठवड्यांची गरज स्पष्ट सांगितली तर वेळा जुळवून घेता येतात. रोज उशिरा जाऊन रोज कारणं सांगत बसलं तर आपणच खचतो.

डोसची वेळ कधी चुकली तर घाबरून दोन डोस एकदम देऊ नका. फोन करून विचारा.

लाईन निघते तेव्हा

पिक लाईन काढायला काही मिनिटंच लागतात आणि बहुतेकांना दुखत नाही. आडवं झोपवून, श्वास रोखायला सांगून ती सावकाश ओढतात, जागा दाबून धरतात आणि हवाबंद ड्रेसिंग लावतात. त्यानंतर साधारण अर्धा तास पडून राहायचं आणि ड्रेसिंग २४ तास काढायचं नाही. काढलेली नळी अखंड आहे का, हे सिस्टर मोजून बघतात. तुम्हीही विचारा.

उरलेलं औषध ठेवून देऊ नका आणि दुसऱ्या कोणाला तर अजिबात देऊ नका. रुग्णालयात परत करा. वही मात्र ठेवा.

पुढचे काही महिने तीच जुनी वेदना, रात्रीचा घाम, बारीक ताप, वजन उतरणं यांवर लक्ष ठेवा. जंतुसंसर्ग उलटायचा असेल तर पुष्कळदा याच काळात उलटतो. आम्ही लाईन काढल्यानंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात सीआरपी करून घेतला. पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती म्हणाली, "पाठ दुखतेय." आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो. मी थर्मामीटर आणायला उठलो, मग परत बसलो आणि आधी तिला विचारलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, काल बागेत माती उकरली त्याने असेल. मग ताप बघितला, ताप नव्हता. तरी त्याच दिवशी फोन केला आणि रक्त दिलं. सीआरपी नॉर्मल आला.